स्प्रूसच्या सालीखालचे दोन भुंगेरे: एकाच जातीचे नर-मादी की दोन वेगळ्या प्रजाती?

प्रश्न – सालशोधक

वाऱ्याने उन्मळून पडलेल्या स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या एका ओंडक्याची साल सोलली असता तिच्या आतल्या बाजूला दोन वेगवेगळ्या दिसणाऱ्या भुंगेऱ्यांचे नमुने मिळाले. त्यांची प्रजाती (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केवळ शरीररचनेवरून निश्चित करता येईल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आहेत. माझ्याकडे दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि चाळीसपटीपर्यंत जाणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आहे. डीएनए तपासणीची सोय मात्र नाही.

पहिल्या प्रकारचा भुंगेरा सुमारे ५ मिलीमीटर लांब, दंडगोलाकार आणि गडद तपकिरी आहे. वरून पाहिल्यास त्याचे डोके जवळजवळ दिसतच नाही, कारण छातीच्या पहिल्या खंडाची ढाल, म्हणजे अग्रवक्ष, त्यावर पुढे आलेले आहे. या ढालीचा पुढचा अर्धा भाग बारीक दाण्यांनी खरखरीत झालेला आहे आणि मागचा अर्धा भाग तुलनेने गुळगुळीत आहे. पाठीवरच्या टणक पंखांचा शेवट तिरपा कापल्यासारखा असून तो भाग आत खोलगट आहे, आणि त्या खोलगट भागाच्या दोन्ही कडांवर काटे आहेत. प्रत्येक बाजूला मला चार काटे दिसले, परंतु सर्वांत खालचा हा खरोखर काटा आहे की कडेचाच एखादा उंचवटा आहे, याची खात्री होत नाही. याच प्रकारातले काही नमुने पिवळसर आहेत.

दुसरा प्रकार सुमारे ३ मिलीमीटर लांब, अधिक सडपातळ व निस्तेज आहे. त्याची छाती काळपट आणि पंख तांबूस आहेत, डोके वरून स्पष्ट दिसते, आणि पंखांचा मागचा भाग सलग गोलाई घेत खाली उतरतो. तेथे एकही काटा नाही.

दोन्ही प्रकार एकाच ओंडक्यात, एकमेकांपासून हातभर अंतरावर सापडल्यामुळे हे एकाच जातीचे नर आणि मादी असावेत, असे मला प्रथम वाटले. मागच्या काट्यांमुळे मोठा भुंगेरा इप्स या प्रजातीचा असावा, असाही अंदाज आहे. या दोन्ही अंदाजांना कितपत आधार आहे? आणि मागे काटे आहेत एवढ्यावरून एखाद्या भुंगेऱ्याला इप्स म्हणणे पुरेसे ठरते का?

उत्तर – षट्पाद

आपण केलेले वर्णन बऱ्यापैकी पूर्ण आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टी एकत्र घेतल्या तर पहिला प्रश्न येथेच सुटतो. आपल्या मोठ्या भुंगेऱ्याचे डोके वरून झाकलेले आहे व अग्रवक्षाचा पुढचा भाग खरखरीत आहे. लहान भुंगेऱ्याचे डोके उघडे आहे. सालभुंगेऱ्यांमध्ये ही केवळ आकारातली किरकोळ तफावत नसते, तर ती दोन मोठ्या गटांमधली विभागणी असते. एका गटात डोके ढालीखाली दडलेले असते, ढालीच्या पुढच्या भागावर दाणे असतात आणि टणक पंखांची पुढची कड, म्हणजे जेथे ते छातीला टेकतात ती कड, साधी व गुळगुळीत असते. दुसऱ्या गटात डोके वरून दिसते, ढाल बहुधा नुसती ठिपकेदार असते, आणि पंखांची पुढची कड किंचित उचललेली व दातेरी असते. आपल्या लहान नमुन्यात ही दातेरी कड आवर्जून पाहावी. ती आढळली तर हे दोन भुंगेरे एका जातीचे तर नाहीतच, ते एकमेकांचे जवळचे आप्तही नाहीत.

नर-मादीची शंका मात्र अवाजवी नव्हती. सालभुंगेऱ्यांमध्येच नर आणि मादी यांच्यात इतका फरक असलेल्या प्रजाती आहेत की नवख्या निरीक्षकाने त्यांना निरनिराळ्या नावांच्या डब्यांत ठेवावे. झायलेबोरस या प्रजातीतला नर मादीपेक्षा खुजा असतो, त्याला उडता येत नाही, आणि तो क्वचितच बोगद्याबाहेर पडतो. स्प्रूसवरही आढळणाऱ्या पिटिओजेनीस प्रजातीत नराच्या मागच्या उतारावर ठसठशीत काटे असतात आणि मादीत त्यांच्या जागी जेमतेम टेंगळे उरतात. पण या उदाहरणांमध्येही दोन्ही लिंगांची डोके-ढालीची ठेवण आणि शृंगिकांची (डोक्यावरच्या स्पर्शिकांची) मूळ रचना एकच राहते. इप्समध्ये तर नर आणि मादी दोघांनाही काटे असतात. फरक असतो तो काट्यांच्या जाडीत, टोकांच्या आकारात आणि काही जातींमध्ये अंगावरील केसांच्या दाटीत.

पिवळसर नमुन्यांविषयी सांगायचे तर ते कोशातून नुकतेच बाहेर आलेले प्रौढ आहेत. कवच पक्के होईपर्यंत रंग फिका राहतो, म्हणून सालभुंगेऱ्यांमध्ये रंग हे ओळखीचे लक्षण म्हणून शेवटी पाहावे, आरंभी नव्हे.

आता ओळखीच्या क्रमाविषयी. पहिली खातरजमा अशी करावी की आपल्यासमोर खरोखर सालभुंगेरा आहे. बॉस्ट्रिकिडी या कुलातले लाकूड पोखरणारे भुंगेरेही दंडगोलाकार असतात, त्यांचेही डोके ढालीखाली दडलेले असते, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांचा मागचा भाग तिरपा व काटेरी असतो. त्यामुळे फोटोवरून दिलेल्या कितीतरी ओळखी येथेच चुकतात. शृंगिका पाहिली की संशय उरत नाही. सालभुंगेऱ्याची शृंगिका कोपरासारखी वाकलेली असते आणि तिच्या टोकाला एकसंध, घट्ट गदा असते. बॉस्ट्रिकिडीतली शृंगिका वाकलेली नसते आणि तिच्या टोकाचे तीन खंड सुटे सुटे असतात. सालभुंगेरे हे आज सोंडकिड्यांच्या कर्क्युलिओनिडी या कुलातले स्कोलिटिनी नावाचे उपकुल मानले जातात, जरी त्यांना स्पष्ट सोंड नसते. पूर्वी त्यांचे स्वतंत्र कुल मानत असत, म्हणून जुन्या पुस्तकांत स्कोलिटिडी हे नाव दिसेल. या उपकुलात सुमारे ६,००० ज्ञात जाती आहेत, त्यामुळे थेट जातीच्या नावाकडे धाव घेण्यापेक्षा प्रजातीपर्यंत नीट पोचणे अधिक फायद्याचे असते.

त्यानंतर भुंगेरा बाजूने पाहावा. हे दर्शन सर्वांत दुर्लक्षित राहते, कारण फोटो काढणारे बहुतेक जण वरूनच काढतात. बाजूने पाहिल्यावर पंख मागे खाली उतरतात की पोट वर चढते, हे कळते. स्कोलिटस या प्रजातीत पंख जवळजवळ आडवेच मागे जातात आणि पोटाचा मागचा भाग एकदम वर चढून त्यांना मिळतो. ही ठेवण एकदा ओळखता आली की एल्म वृक्षांच्या डच रोगाचा प्रसार करणारा स्कोलिटस मल्टिस्ट्रिएटस कोणत्याही डबीतून निवडून काढता येतो. त्याच्या पोटाच्या पुढच्या भागावर मागे रोखलेला एक ठळक काटाही असतो. आपल्या दोन्ही नमुन्यांत पंख खाली उतरत असल्यामुळे स्कोलिटस बाद होतो.

उरला आपला शेवटचा प्रश्न. मागे काटे आहेत एवढ्यावरून इप्स म्हणता येत नाही. ऑर्थोटोमिकस, पिटिओजेनीस, पिटिओक्टाइनीस या प्रजातींनाही काटे आहेत. काट्यांची जागा, त्यांच्यामधल्या खळग्याची रुंदी आणि शृंगिकेची गदा ही तीन लक्षणे एकत्र जुळली पाहिजेत. पिटिओजेनीसमध्ये खळगा रुंद नसतो. दोन्ही पंख जेथे मिळतात त्या शिवणीच्या बाजूने गेलेली ती अरुंद खाच असते आणि भुंगेराही छोटा, सहसा २ ते ३ मिलीमीटरचा असतो. ५ मिलीमीटर लांबी आणि रुंद खळगा पाहता आपला नमुना पिटिओजेनीस नाही, हे मी खात्रीने सांगतो.

उत्तर – गदानिरीक्षक

षट्पाद यांनी गदेचा उल्लेख शेवटी एका वाक्यात केला आहे. माझ्या मते ती या साऱ्या ओळखीच्या मध्यभागी असायला हवी, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

सालभुंगेऱ्याच्या शृंगिकेचे तीन भाग असतात. डोक्याला जोडलेला लांब दांडा, त्यानंतर मण्यांसारखे लहान खंड, आणि टोकाला गदा. दांड्यानंतरचे मणी मोजावेत. दांड्याला लागून असलेला पहिला, जरा मोठा मणीही या मोजणीत धरायचा असतो, आणि तो वगळल्यामुळे एकाचा फरक पडून चुकीच्या प्रजातीकडे वळलेले लोक मी पाहिले आहेत. इप्समध्ये ते ५ असतात, डेंड्रोक्टोनसमध्येही ५, ट्रायपोडेंड्रॉनमध्ये ४, तर हायलास्टिस व हायलर्गॉप्स यांच्यात ७. म्हणजे आपल्या दोन भुंगेऱ्यांचे नाते तपासण्यासाठी एवढी एक मोजणीही पुरेशी ठरू शकते.

यानंतर गदेचा आकार आणि तिच्यावरच्या शिवणी पाहाव्यात. इप्सची गदा चपटी असते आणि तिच्या पसरट बाजूवरच्या शिवणी बहुधा सरळ नसतात: त्या नागमोडी असतात किंवा मध्यभागी टोकदार कोन करून वळतात. ऑर्थोटोमिकसची गदा बुडाशी जाड आणि टोकाकडे तिरपी छाटल्यासारखी असते, त्यामुळे तिच्या शिवणी टोकाच्या बाजूला सरकलेल्या दिसतात. मागच्या उताराचा फरकही आहे. इप्समध्ये खळगा खोल व रुंद असून त्याच्या खालच्या टोकाला आडवी, पातळ, बाहेर पसरलेली कड असते. ऑर्थोटोमिकसमध्ये खळगा उथळ असतो. ऑर्थोटोमिकस इरोसस हा मूळचा भूमध्य सागराभोवतालच्या प्रदेशातला आणि आशियातला पाइनवरचा भुंगेरा २००४ साली कॅलिफोर्नियात आढळला, तेव्हापासून स्थानिक इप्स जातींपासून तो वेगळा काढण्यासाठी गदेचे हेच लक्षण वापरले जाते. त्याच्याही प्रत्येक बाजूला चारच काटे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे निव्वळ काटे मोजण्याचा धोका कळतो. त्याच्या नरात दुसरा काटा रुंद व ठळक असतो, तर लांबी सहसा साडेतीन मिलीमीटरच्या पुढे जात नाही.

चाळीसपटीच्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली गदेच्या शिवणी दिसतात, मात्र गदेची पसरट बाजू भिंगाकडे वळलेली असली पाहिजे. भुंगेरा कुशीवर ठेवून ओल्या बारीक कुंचल्याने शृंगिका बाहेर ओढून घ्यावी. ती मिटून डोक्याच्या खाली घट्ट बसली असेल तर एका नमुन्याची शृंगिका कापून काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवणे आणि खालून प्रकाश देणे हा उत्तम उपाय आहे; शिवणी अशा वेळी अत्यंत स्पष्ट उमटतात. आपल्याकडे अनेक नमुने आहेत, तेव्हा एखाद्याचा त्याग करायला हरकत नसावी.

आणखी एक सूचना. मागच्या खळग्याचा तळ चकचकीत आहे की मंद, हे जाती ओळखताना निर्णायक ठरणार आहे, आणि अल्कोहोलमधून काढलेल्या ओल्या नमुन्यावर ते कधीही ठरवू नये. द्रवाचा पातळ थर कोणत्याही पृष्ठभागाला चमक आणतो. नमुना टिपकागदावर पूर्ण वाळू द्यावा, खळग्यात अडकलेला भुसा मऊ कुंचल्याने काढावा, आणि दिव्यासमोर अर्धपारदर्शक कागद धरून पसरलेल्या प्रकाशात पाहावे. थेट एलईडीचा झोत टाकला तर मंद पृष्ठभागावरही पांढरे ठिपके चमकतात आणि डोळा फसतो.

उत्तर – बोगदावाचक

भुंगेऱ्याच्या अंगावरची लक्षणे निर्विवाद महत्त्वाची आहेत, पण आपण साल सोलली आहे, तर तिच्या आतल्या बाजूवर कोरलेले बोगदे न पाहता ती टाकून देऊ नये. प्रश्न शरीररचनेचा आहे हे मान्य करून मी एवढेच म्हणेन की बोगद्यांची रचना ही वर्तनाची नोंद असते आणि ती प्रजातीनुसार बरीच ठाम असते.

इप्समध्ये नर प्रथम साल पोखरतो आणि आत एक मीलनकक्ष कोरतो. त्यानंतर एकाहून अधिक माद्या तेथे येतात आणि प्रत्येक मादी त्या कक्षापासून आपला वेगळा बोगदा काढते. हे बोगदे मोकळे ठेवलेले असतात, कारण भुसा सतत बाहेर लोटला जातो. मागचा काटेरी खळगा याच कामाला येतो: भुंगेरा मागे सरकत भुसा ढकलत नेतो. डेंड्रोक्टोनसमध्ये उलट आहे. तेथे सुरुवात मादी करते, जोडी एकेकटी असते, आणि बोगद्यात मागे भुसा ठासून भरलेला सापडतो. स्प्रूसवरच्या डेंड्रोक्टोनस मायकॅन्समध्ये अळ्या स्वतंत्र बोगदे न काढता एका सामाईक पोकळीत शेजारी शेजारी खात पुढे सरकतात. हा भुंगेरा ६ ते ९ मिलीमीटर लांब असतो, त्याच्या अंगावर लांब केस असतात आणि मागचा उतार गोलाकार व बिनकाट्याचा असतो, त्यामुळे आपल्या वर्णनाशी त्याचा घोळ होण्याचे कारण नाही.

आपल्या सालीवर जर तंतूंच्या दिशेने वर व खाली गेलेले दोन किंवा तीन सरळ बोगदे एका लहान कक्षाला मिळत असतील, आणि त्यांच्यापासून काटकोनात निघालेले अळ्यांचे बोगदे पुढे पुढे रुंद होत गेले असतील, तर इप्सची बाजू बळकट होते. ताऱ्यासारखे अनेक फाटे आढळले तर त्याच सालीत पिटिओजेनीसही असण्याची शक्यता धरावी.

लहान भुंगेऱ्याविषयी माझा अंदाज हायलर्गॉप्सचा आहे. या प्रजातीतले भुंगेरे जमिनीला टेकलेल्या, ओल धरलेल्या ओंडक्यांत दुसऱ्यांच्या मागोमाग येतात, आणि त्यांच्या अळ्यांचे बोगदे लवकरच एकमेकांत इतके मिसळतात की त्यांचा आराखडा ओळखता येत नाही.

उत्तर – षट्पाद

बोगदावाचक यांच्या निरीक्षणांशी मी सहमत आहे, पण त्यांचा उपयोग आधारापुरताच करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. एकाच ओंडक्यात तीन-चार प्रजाती राहत असतील तर एखादा भुंगेरा ज्या बोगद्यात सापडला तो बोगदा त्यानेच कोरला असेल असे नाही. झाडाच्या जातीवरून ओळख ठरवण्याबाबतही तेच म्हणता येईल. यजमान वृक्षामुळे शक्यता कमी-जास्त होतात, सिद्ध काही होत नाही.

स्प्रूसच्या सालीखाली वा लाकडात आपल्याला भेटू शकणाऱ्या आणखी काही प्रजातींची खूण येथेच नोंदवतो, म्हणजे त्या बाद करता येतील. पॉलिग्राफस आणि ट्रायपोडेंड्रॉन या दोघांचा प्रत्येक संयुक्त डोळा मधून पूर्ण दुभंगलेला असतो, त्यामुळे समोरून पाहिल्यास प्रत्येक बाजूला दोन डोळे असल्याचा भास होतो. हे लक्षण दिसले की प्रजातींची संख्या एकदम थोड्यावर येते. दोघांमध्ये निवड करायची झाल्यास पंखांची पुढची कड पाहावी: पॉलिग्राफसमध्ये ती दातेरी असते व अंगावर बारीक खवले असतात, ट्रायपोडेंड्रॉनमध्ये ती साधी असते आणि ढाल पुढून फुगीर असते. ट्रायपोडेंड्रॉनच्या नराचे कपाळ खोल खळगी पडल्यासारखे असते, मादीचे फुगीर असते. तो सालीखाली न राहता लाकडात शिरतो आणि स्वतः वाढवलेल्या बुरशीवर जगतो, त्यामुळे त्याच्या बोगद्यांच्या भिंती काळ्या पडलेल्या दिसतात.

ड्रायोसीटीस ही प्रजाती मात्र इप्सच्या शंकेने तपासणाऱ्याला थोडी अडवते, कारण तिचेही डोके वरून झाकलेले असते. तिच्या ढालीवरचा खरखरीतपणा मागच्या भागापर्यंत पसरलेला असतो, आणि मागचा उतार तीव्र असला तरी फुगीर असतो, खोलगट नाही. काटे तर नसतातच.

लहान नमुन्यासाठी हायलास्टिस आणि हायलर्गॉप्स या दोन्ही शक्यता धराव्यात. दोघांचेही डोके किंचित पुढे लांबलेले असते, आणि सोंडकिड्यांशी असलेले नाते या दोघांत जितके उघड दिसते तितके इप्समध्ये दिसत नाही. हायलास्टिसची ढाल रुंदीपेक्षा लांब आणि बाजूंनी जवळजवळ समांतर असते. हायलर्गॉप्सची ढाल लांबीला आणि रुंदीला साधारण सारखी असून पुढच्या बाजूला स्पष्टपणे आवळलेली असते. पायाच्या पावलाचा तिसरा खंडही पाहावा. हायलर्गॉप्समध्ये तो रुंद व दोन पाळ्यांचा असतो, इप्समध्ये तो साधा, नळीसारखा असतो. ही तुलना करायला दोन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवणे सर्वांत सोपे.

सालशोधक

सर्वांचे आभार. सुचवल्याप्रमाणे नमुने वाळवून, स्वच्छ करून पुन्हा पाहिले, आणि जे दिसले ते येथे नोंदवत आहे.

मोठ्या भुंगेऱ्याच्या शृंगिकेत दांड्यानंतर ५ मणी आहेत. गदा चपटी आहे आणि तिच्यावरच्या शिवणी मध्यभागी टोकदार वळण घेतात. पावलाचा तिसरा खंड साधा आहे. मागच्या खळग्याच्या खाली आडवी पातळ कड आहे, आणि मला ज्याविषयी शंका होती तो सर्वांत खालचा उंचवटा त्या कडेपासून वेगळा, शंकूच्या आकाराचा काटाच आहे. म्हणजे प्रत्येक बाजूला चार काटे: पहिला अगदी लहान, दुसरा त्रिकोणी, तिसरा सर्वांत मोठा व काही नमुन्यांत टाचणीच्या डोक्यासारखा टोकाला फुगलेला, आणि चौथा पुन्हा लहान. अल्कोहोलमध्ये असताना चकचकीत वाटलेला खळग्याचा तळ वाळल्यावर पूर्ण मंद दिसतो, बाकीचे पंख मात्र चमकतात.

लहान भुंगेऱ्याच्या शृंगिकेत ७ मणी आहेत, पंखांची पुढची कड दातेरी आहे, पावलाचा तिसरा खंड दोन पाळ्यांचा आहे आणि ढाल पुढे आवळलेली आहे. तेव्हा हे दोन्ही एका जातीचे नाहीत, हे मला पटले.

सालीच्या आतल्या बाजूला तंतूंच्या दिशेने गेलेले लांब बोगदे एका कक्षाला मिळतात. मात्र याच लांब बोगद्यांच्या भिंतीतून निघालेले काही अतिशय बारीक, वेडेवाकडे बोगदेही आहेत आणि त्यांत जेमतेम १ मिलीमीटरचे काळे, चकचकीत भुंगेरे मिळाले. ही मोठ्या भुंगेऱ्याची पिल्ले असू शकतात का?

उत्तर – गदानिरीक्षक

आपली नोंद इतकी नेमकी आहे की मोठ्या भुंगेऱ्याबाबत प्रजातीच्याही पुढे जाता येते. गदेवरून आणि आडव्या कडेवरून प्रजाती इप्स ठरते. स्प्रूसवर चार काटे असलेल्या ज्या इप्स जाती आढळतात, त्यांपैकी इप्स अमिटिनसच्या खळग्याचा तळ चकचकीत असतो आणि गदेवरच्या शिवणी जवळजवळ सरळ असतात. इप्स डुप्लिकेटसमध्ये दुसरा व तिसरा काटा एकाच सामाईक बुडातून निघालेले दिसतात आणि भुंगेरा सहसा ४ मिलीमीटरपेक्षा मोठा नसतो. मुख्यतः लार्चवर राहणाऱ्या इप्स सेंब्रीचा खळगाही चकचकीत असतो. मंद तळ, सुटे काटे, टोकदार वळणाच्या शिवणी आणि ५ मिलीमीटर लांबी ही चारही लक्षणे एकत्र फक्त इप्स टायपोग्राफस या जातीला लागू पडतात, जिचे वर्णन लिनियसने १७५८ साली केले होते. तिसऱ्या काट्याचे टोक काही नमुन्यांतच फुगीर दिसते, याचे कारण नरामध्ये ते अधिक ठळक असते. याची पडताळणी करण्यासाठी ढालीची पुढची बाजू पाहावी. तेथे केसांची दाटी मादीत जास्त असते. जुन्या प्रौढांमध्ये पोखरण्याच्या कामात काट्यांची टोके झिजतात, म्हणून एखाद्याच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये.

लहान भुंगेऱ्याची प्रजाती हायलर्गॉप्स ठरते, आणि काळपट ढाल, तांबूस निस्तेज पंख, ३ मिलीमीटर लांबी व स्प्रूस यांचा मेळ पाहता तो हायलर्गॉप्स पॅलिएटस असण्याची दाट शक्यता आहे. येथे मी रंगाचा आधार घेतला आहे, पण तो प्रजाती निश्चित झाल्यानंतर घेतला आहे.

उत्तर – बोगदावाचक

१ मिलीमीटरचे भुंगेरे पिल्ले असू शकत नाहीत. भुंगेऱ्यांची वाढ अळीच्या अवस्थेत होते. कोशातून बाहेर पडलेला प्रौढ पुढे आकाराने वाढत नाही. टणक पंख असलेला भुंगेरा जेवढा आहे तेवढाच राहणार, त्यामुळे ती तिसरी प्रजाती आहे.

दुसऱ्या सालभुंगेऱ्यांच्या बोगद्यांतून आत शिरून तेथून आपले बारीक बोगदे काढण्याची सवय क्रिप्टर्गस या प्रजातीला आहे, आणि तिच्या जाती १ ते दीड मिलीमीटरच्याच असतात. खात्रीसाठी शृंगिका पाहावी: दांड्यानंतर फक्त २ मणी असतात आणि गदेवर शिवणी स्पष्ट दिसत नाहीत. एवढ्या लहान शृंगिकेसाठी चाळीसपट स्टिरिओ कमी पडेल, तेव्हा गदानिरीक्षक यांनी सांगितलेली ग्लिसरीनची पद्धत वापरून साध्या सूक्ष्मदर्शकाच्या शंभरपटीखाली मोजणी करावी. मणी दोनच निघाले तर प्रजाती निश्चित झाली. दोनाहून अधिक निघाले, तर त्या शृंगिकेचा आणि बाजूने घेतलेल्या संपूर्ण भुंगेऱ्याचा फोटो मापपट्टीसह येथे टाकावा.